निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला
जत तहसील कार्यालयातून सांगलीला एक तक्ता जातो.
तक्ता ब : कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीमुळे बाधित झालेली पदे.
मी त्यात लिहिते, निरंक.
अकरा महिने झाले.

खोटं नाही लिहीत.
सिद्दगोंडा बिरादार आवक-जावकला होते, मार्चअखेर निवृत्त झाले.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
जागा भरली नाही. पण रिक्त म्हणजे बाधित नव्हे,
मार्गदर्शक सूचना क्रमांक सात.
नसीमा टायपिंगला यायची, ठेकेदाराकडून, रोजावर.
ती पद नव्हतीच कधी,
त्यामुळे बाधित व्हायचा प्रश्नच येत नाही.
आता ती बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात असते.
मला बघून हसते.
मी उगाच मोबाइलात वेळ बघते.

आणि मशीनला तरी नावं किती ठेवायची?
तीन वर्षांचे अर्ज, माळ्यावर, उंदरांनी कडा खाल्लेले,
त्यानं बावीस दिवसांत लावून दिले.
आम्ही चौघांनी मिळून एवढी वर्षं
त्यांच्यावर फक्त नवे गठ्ठे ठेवले होते.

परवा तपासणीला केंगार मॅडम आल्या.
वय तिशीच्या आत, पायात साधी चप्पल,
चहा नको म्हणाल्या, मग घेतला.
वाटलं, सही करून जातील.
तर विचारलं, "इथं कोण बसायचं?"
खुर्चीवर बिरादारांची गादी होती अजून,
मधोमध खोलगट, कडेला सुतळीचे टाके.
"निवृत्त," मी म्हटलं.
"हो, पण ते काय काय करायचे?"

असा रकाना तक्त्यात नाही.

तेवढ्यात उमदीच्या गंगव्वा आल्या,
तिसरी खेप.
खिडकीवरच्या माइकमध्ये त्यांनी सांगितलं होतं,
आमचा होल शेजारच्यानं दाबलाय.
मशीननं ऐकलं, होल.
अर्ज बांधकाम विभागाला गेला, विषय : रस्त्यावरील खड्डा.
तिकडून एक माणूस येऊन फोटो काढून गेला.
खड्डा आढळून आला नाही. तक्रार निकाली.

बिरादारांना हे कधी काम वाटलंच नसणार.
अशी कुणी बाई आली की पेन कानावर ठेवायचे,
"याव ऊरू?" विचारायचे, आधी गाव, मग सासर, मग माहेर,
कानडीतलं सगळं रडगाणं संपलं
की मराठीत चार ओळींचा अर्ज उतरायचा.
रजिस्टरला फक्त अनुक्रमांक पडायचा.
कुठल्याच आदेशात नव्हतं ते.
नव्हतं, म्हणून गेलेलंही दिसत नाही.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या,
"शेरा रकान्यात लिहा. वर कुणीतरी वाचेल."
कुणीतरी हा शब्द जरा हळू आला.
दहा तालुक्यांचे तक्ते एकत्र करून
सारांश काढायला तिथं कोण बसलंय,
ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आज पाच तारीख.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची मर्यादा आहे,
आणि ते काना, मात्रा, मधली मोकळी जागा,
सगळं मोजून धरतं.
गंगव्वा बाहेर बाकावर बसल्यात, पिशवी मांडीवर.
मी निरंक खोडते. लिहायला घेते :

बिरादार होते तेव्हा होल म्हणजे शेत इतकं