वहिवाट

फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलंय:
जुनी गोदाम साइडिंग, घोरपडी,
लांबी सव्वादोन किलोमीटर,
शेवटची मालगाडी सत्त्याण्णव साली,
सध्याचा वापर: निरंक.
शेवटच्या पानावर माझी सही होणार आहे,
प्रस्तावित वापर: बहुउपयोगी.

म्हणून मोजायला आले,
तर टेपचं दुसरं टोक धरायला पेरुमल.
बत्तीस वर्षं याच रुळांचा चावीवाला.
कुंपणाच्या फाटक्या जाळीतून वाकून आला,
म्हणाला, "मॅडम, शून्य कुठं धरू?"

शून्य आम्ही बंद गोदामाच्या दाराशी धरलं.
शंभर मीटरवर खाट, खाटेवर रात्रपाळीहून आलेला कोणी.
एकशे साठवर वाळवण. साबुदाण्याच्या पापड्या
रुळाच्या चटक्यानं खालूनही वाळतात म्हणे.
दोनशे दहा: जरीनाच्या सात शेळ्या,
आठवी सापडेना.
तीनशेवर क्लासला निघालेल्या दोन मुली,
एक या रुळावर, एक त्या,
आणि मधल्या ओढणीची दोन टोकं दोघींच्या मुठीत.
भैरोबा नाल्याच्या पुलावर पत्त्यांचा डाव,
ऑफिसची बाई आली म्हणून पत्ते मांडीखाली.

वहीत मी लिहिलं: निरंक.
मग खोडलं. खोडरबर विसरले होते,
ओल्या बोटानं खोडलं,
कागद तेवढ्या जागी फाटला.

पेरुमल चालता चालता
खडीतला दगड उचलून रूळ ठोकायचा.
"हा सांधा बोलत नाही. गंजला.
हा बघा, हा बोलतो."
मला दोन्ही सारखेच ऐकू आले.
"आणि हा?" म्हणत त्यानं स्वतःचा गुडघा ठोकला
आणि एकटाच हसला.

आराखड्यात मी तीन पट्टे काढले.
हिरवा चालणाऱ्यांना, निळा सायकलींना,
पिवळा, उंचवट्यांच्या फरशीचा, काठीनं वाट बघणाऱ्यांना.
शेळ्यांसाठी रंग उरला नाही.
पापड्यांसाठी एक कट्टा वाढवला,
दक्षिणेला तोंड करून, भर उन्हात;
का, ते कोणी विचारलं नाही.
तेरा मीटर रूळ वाचवला.
त्यासाठी रकाना एकच होता, "शोभेच्या वस्तू".
त्यात बसवला.

बाकीचं लोखंड किलोवर गेलं.

रस्ता छान झालाय. खरंच छान झालाय.
रविवारी मीही जाते.
व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ
पुलावर थांबून नाल्याला नावं ठेवतात,
चाळीस वर्षं शेजारी राहून
पहिल्यांदाच वरून बघितला म्हणतात.
त्या दोघी आता सायकलवर असतात,
एक पुढे, एक बरीच मागे.

आणि पेरुमल,
जावयानं घेऊन दिलेल्या पांढऱ्या बुटांत.
गुळगुळीत काँक्रीटवर
त्याचं पाऊल अजून आखूड पडतं,
स्लीपर ते स्लीपर.
मागून घंटी वाजते, "काका, डावीकडून!"
तो डावीकडे सरकतो
माप न सोडता.

परवा मी त्याच्या मागोमाग चालून बघितलं.
आधी अडखळले.
चाळिसाव्या पावलाला जमलं:
पासष्ट सेंटिमीटर.
टेप पर्समध्येच होती.