एकचा घाणा

दुपारी चारनंतर फोनवर उद्याचे दर येतात.
अर्ध्या-अर्ध्या तासाच्या काठ्या,
सकाळी उंच, संध्याकाळी त्याहून उंच,
आणि मधे, बारा ते तीन, एक खळगा.
गेल्या रविवारी खळगा शून्याच्याही खाली गेला.
म्हणजे वापरा, वर आम्हीच पैसे देतो.
ऊन इथे असं उतू जाईल, लाँग ईटनमध्ये,
हे मला लग्न करून आले तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.
स्वेटर घे, एवढंच सगळे सांगत होते.

रात्रपाळीहून मी साडेआठला येते,
बोटांना प्रयोगशाळेच्या साबणाचा वास.
झोपते. एकाचा गजर.
अर्धे डोळे मिटलेलेच, कपड्यांचं मशीन, भांड्यांचं मशीन,
टाकीतलं पाणी तापायला,
राजमा कुकरमध्ये,
तीन शिट्ट्या मोजून पुन्हा पांघरुणात.
उन्मेष म्हणतो, पन्नास पेन्सांसाठी झोपमोड!
पन्नास पेन्सांसाठी नाही, मी म्हणते.
मग कशासाठी, ते मला धड सांगता येत नाही.

मानवतला आईची पिठाची गिरणी होती.
दारावर भारनियमनाचा कागद, खळीनं चिकटवलेला,
कोपरा बकरीनं खाल्लेला, नेमका गुरुवारचा.
डब्यांची रांग. झाकणांवर खडूनं नावं.
आई पट्ट्याशेजारी पोत्यावर निजायची
आणि दिव्याचं बटण चालूच ठेवायची,
वीज आली की उजेडच हाक मारील म्हणून.
पहाटे तीनला, कधी साडेतीनला
गल्लीभर एकच आरोळी: आली!
भुवयांवर ज्वारी घेऊन आई उभी राहायची.

इथे वीज जात नाही.
म्हणून येतही नाही.
कोणी ओरडत नाही.

भिंतीपलीकडे ग्लेनिस, वय एक्क्याऐंशी.
ती रात्री साडेबाराला कपडे धुते.
माझ्या सुट्टीच्या रात्री भिंत थरथरते, कपाटातल्या वाट्या वाजतात.
चाळीस वर्षांपूर्वी डेरेकनं तिला सांगितलं होतं,
रात्रीची वीज स्वस्त.
कोळशाची भट्टी काही कुकर नव्हे, ग्लेन, हवी तेव्हा बंद करायला.
तो नदीपलीकडच्या वीजकेंद्रात होता.
डेरेक गेला. केंद्र बंद झालं.
मनोरे उभे आहेत अजून, तोंडं वर करून,
वाफेविना.
मीटरही बदललं.
साडेबारा तेवढे राहिले.

मी एकदा चहाला गेले, फोनवरचा खळगा दाखवला.
तिनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
सूर्य? ती म्हणाली.
डेरेकनं त्याला आठवडाभरही कामावर ठेवला नसता.
आणि माझ्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला.

पुढे तीन आठवडे काही नाही.

मग एका मंगळवारी, एकाला, मी बटण दाबलं,
आणि भिंतीतून तोच घरघराट.
आधी वाटलं माझंच मशीन आहे.
बंद करून ऐकलं. तिचं.
दोन वाजता तिच्या दोरीवर
पलंगपोस, दोन टॉवेल, आणि एक मोठा निळा शर्ट,
वीजकेंद्राच्या खिशाचा, बाह्यांनी वारा पीत.
तो अजून धुते ती, हे मला माहीत नव्हतं.
रात्रीचं धुतलेलं घरातच वाळायचं, मी कुठून पाहणार?

दरवाजात भेटली तेव्हा तक्रार करत होती:
तुझ्या सूर्यामुळे साडेबाराला झोप येत नाही.
ऐकायला काही नसतं.

परवा माझी सुट्टी होती.
साडेबाराला जाग आली. उन्मेष घोरत नव्हता,
वाट्या गप्प, भिंत गप्प.
मग पलीकडे किटलीचं बटण, टक्.
सवयीनं फोन पाहिला.
एकोणीस पेन्स.
असू दे.
एका कपाचं तर पाणी.
उकळी येईपर्यंत मीही जागी राहिले.