पसंती

मेहरूणच्या अलीकडे महापालिकेनं जे जंगल लावलंय
त्याचे मी सुतळीनं चाळीस चौकोन पाडलेत.
सहाला फाटक उघडतं.
साडेनऊनंतर जमीन हात लावू देत नाही,
मे महिन्यातलं जळगाव आहे.

वहीत रकाने : झाड, सावली, मातीची ऊब,
आणि शेवटचा, चिरमाडे मॅडमनी
लाल शाईनं आखून दिलेला : पसंती.

सुबाभळीखाली मुंगळे नाहीत.
गिरिपुष्पाच्या दाट रांगेत, जिथं फलकावर
'घनवन, एकूण रोपे अकरा हजार',
तिथं एकसुद्धा नाही.
कारंज्याजवळ नाहीत. कारंजं तसंही बंद आहे.
ठोकळ्यांच्या सांधीत बारक्या लाल आहेत,
पण त्या माझ्या विषयात येत नाहीत.

मुंगळे आहेत
जिथं कुणी काही लावलेलं नाही तिथं.
हिवराच्या बुडाशी, सकाळचं ऊन पडतं त्या अंगाला.
वाळक्या पळसाच्या काखेत.
आणि सगळ्यांत जास्त चौकोन सतरात,
अंजनाच्या एका आडव्या खोडात.
हे जंगल व्हायच्या आधीपासून ते इथं पडून आहे.
कुऱ्हाडीचे तीन घाव, तिन्ही उथळ;
अंजन असा ऐकत नाही.
कान लावला की आत काहीतरी कोरडं सरकतं,
गव्हाच्या कोठीत हात घातल्यासारखं.

"काय मोजी राह्यली व माय?"
राखणदार, सुपडूबाबा.
मुंगळे, म्हटलं. त्यांना कुठं राहायला आवडतं ते.
काठीवर भार देऊन ते बराच वेळ उभे.
"आमचं गाव तापीच्या पान्यात गेलं तवा
असाच एक जन वही घिसन आल्ता.
घरं मोजले, गोठे मोजले, निंबाचे झाडं मोजले.
आवडीचं कोनी इचारलं नाही."
आणि नळ बंद करायला निघून गेले.

मी पिंप्राळ्यात भाड्यानं राहते.
वर पत्रा, एकुलती खिडकी पश्चिमेला.
माझ्यापुढं कुणी तो लाल रकाना धरला
तर बहुधा भाड्याचा आकडा लिहीन.

गुरुवारी चौकोन सतरात खोड नव्हतं.
सेल्फी पॉइंटसाठी जागा मोकळी करायची होती म्हणे.
मातीत लांबट, ओलसर, फिकट खड्डा
आणि काठावर सैरभैर मुंगळे,
तोंडात पांढरे कोश.
मी वेळ लिहिली, सहा वीस.
पुढं काय लिहायचं सुचेना.

मग दिसली चरी. जड काही ओढत नेल्याची.
आणि चरीतून एक काळी रांग,
आधी विरळ, पुढं दाट,
चालायच्या वाटेला आडवी जाऊन
थेट पंपघरामागं, घाणेरीच्या झुडपात.
तिथं खोड. घावांची बाजू वर, होती तशीच.

सुपडूबाबांना विचारलं.
"ट्रॅक्टरवाल्यानं टाकलं आसंन."
उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली.

पंपघरामागची जागा
माझ्या चाळीस चौकोनांत येत नाही.
वही मिटून मी परत आले तेव्हा
फिरायला आलेल्यांचे पांढरे बूट सुरू झाले होते,
आणि वाटेच्या मधोमध, काठी आडवी धरून, बाबा :

"भाऊ, जरासं बाजूनं.
बिऱ्हाड चाललंय."