डाव्या बाजूचा मागचा दरवाजा

भंगारवाल्यानं गाडीला अठ्ठावीस हजार सांगितले,
रंगाला मक्तुमसाब छत्तीस म्हणतोय.
हिशेब एवढाच असता
तर चहा संपायच्या आत झाला असता.

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत, लिंबाखाली
आमची आठशे उभी. चोवीस वर्षांची, केए बावीस.
बॉनेटचा निळा उडून ताकासारखा,
टपावर चट्टे,
आणि चाकांच्या कमानीत
खानापूरकडचे सगळे पावसाळे
गंज होऊन बसलेले.

मक्तुमसाबनं खिशातून चुंबक काढलं,
फडक्यात गुंडाळलेलं, सुपारीएवढं.
"नोडरी भरमाण्णा, पत्रा असला तर धरतंय,
लांबी असली तर सोडतंय."

पुढचा मडगार्ड. धरलं.
पुढचा दरवाजा. धरलं.
मागच्या दरवाज्यावर, हँडलच्या वीतभर खाली
टपकन मातीत पडलं.

त्यानं उचललं, पुसलं, परत लावलं.
परत पडलं.
"इथं काम झालंय," म्हणाला, माझ्याकडं न बघता.
"कुणी केलंय?"
तो बघतोय मालनकडं,
मालन बघतीय लिंबाकडं,
जणू त्याला आजच पानं फुटलीत.

तीस वर्षं मी फाउंड्रीत तपासणीला होतो.
कास्टिंगवर बोट फिरवून पोकळी सांगायचो,
केसभर फरकासाठी
अख्खा लॉट परत धाडलाय, साहेब ओरडला तरी.
आणि माझ्याच दारात
चार बोटं लांबीची ही खपली
सतरा वर्षं दर रविवारी
मीच शांपू लावून धूत होतो.

"मजगावच्या कट्ट्याला घासली,"
मालन शेवटी लिंबालाच म्हणाली.
"तुम्ही कोइमतूरला होता पाच दिवस.
म्हटलं, येताय तोवर शिकून दाखवूया.
चौथ्या दिवशी यानं आणून दिली."
"आणि पैसे?"
"भिशीचे."
"मग परत कधी स्टेअरिंगला बसली नाहीस ते?"
"परत घासली असती
तर दुसरी भिशी कुठनं आणायची?"

मला हसू आलं, पण पुरतं आलं नाही.
कितीदा मी ऐकवलं होतं चारचौघांत,
आमच्या हिला गाडीत रसच नाही,
खिडकीत बसली की झोपते.

मक्तुमसाबला मात्र राहवेना.
"रंग जमवायला तवा तीन दिवस गेले, भरमाण्णा.
उन्हात धरायचा, सावलीत धरायचा, परत ओतायचा.
आता बघा की तुम्हीच,
आख्खी गाडी उतरली,
शोरूमचा रंग राहिलाय तो ह्या एका दारावर."

खरंच की.
मी आपला समजत होतो
ती बाजू भिंतीकडं असते म्हणून.

"मग काय? मारू आख्खी?"
छत्तीस हजार.
सगळी एकसारखी निळी,
आणि त्यात हा दरवाजा
कुठला ते परत कुणाला कळणार नाही.

"बिडरी," मी म्हणालो.
कमानी तेवढ्या खरवडून रेड ऑक्साइड,
खालनं काळा कोट, साडेचार हजार.
तो जरा नाराज झाला.
कामासाठी, की त्या निळ्यासाठी, कळलं नाही.

चावी मी मालनच्या हातात ठेवली.
तिनं ती पिशवीत टाकली, मेथीच्या जुडीवर,
"रविवारी बघू," म्हणाली,
आणि नेहमीसारखी डावीकडनं जाऊन बसली.
मला चावी परत मागावी लागली.

मागं मक्तुमसाब वाकून
चुंबक शोधत होता फडक्याखाली, मातीत, डब्यांमागं.
ते जॅकला चिकटलं होतं.