मागच्याही धरणार का?

दर मंगळवारी मी हॉइकच्या छोट्या संग्रहालयात
जुन्या वस्तूंच्या नोंदी करते, बिनपगारी.
आज खोक्यातून निघाली एक मखमली टोपी.
गोंडा तुटलेला, आत कोंबडीचं पीस.
सोबत चिठ्ठी: गिडिअन स्कूगल,
स्कॉटलंडकडून सामने – एक.

टेव्हियटच्या काठावर गिरणीत तो मोजे विणायचा,
म्हणजे यंत्र विणायचं, हा तुटलेला धागा सांधायचा.
इचलकरंजीत माझे वडील हेच करत,
आणि सुट्टी झाली की हुतुतू.
म्हणून मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही
एकमेकांच्या काखेत डोकी खुपसून
माणसं कशाला रेटतात.
दिवसभर जे हलत नाही, त्याला.

एडिंबरोला गेला तेव्हा बूट शेजाऱ्याचे होते.
उजेड उतरत आलेला, पायाखाली नुसता राडा,
चार जण अंगावर घेऊन तो रेषेपलीकडे आडवा झाला,
चेंडू छातीखाली.
ट्राय.

पण त्या काळी ट्राय म्हणजे नुसती परवानगी.
रेषा ओलांडलीस? बरं.
आता खांबांवरून चेंडू मारून बघा एकदा.
मारणार दुसराच, कुणा जमीनदाराचा धाकटा,
त्याचे मोजे कदाचित ह्याच्याच गिरणीतले.
त्यानं मारला. वाऱ्यानं नेला.
एका गोलनं हरले.
वर्तमानपत्रानं नाव छापलं मॅकडूगल,
आणि गिरणीनं कापली तीन दिवसांची मजुरी.

प्रयत्नांती परमेश्वर,
आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात होतं.
रंगाऱ्याला हा सामना ठाऊक नसावा.

पुढं गुडघा गेला. क्लबनं मैदान सांभाळायला दिलं.
शनिवारी पहाटे चुना कालवायचा,
दोरी ताणायची, रेषा मारायच्या.
जिच्यापायी फासळी मोडली तीच रेषा
सत्तावीस वर्षं सरळ मारली त्यानं.
युफेमिया, त्याची बायको, टोपीत अंडी गोळा करी.
मखमलीत फुटत नाहीत, म्हणे.

मग कधीतरी नियम बदलला.
सेक्रेटरी कुंपणापासूनच ओरडत आला:
गिडिअन, ट्रायला आता तीन गुण!
हा बादलीत काठी फिरवत होता.
फिरवता फिरवताच विचारलं,
"मागच्याही धरणार का?"

गावाला हा विनोद दोन पिढ्या पुरला.
चिठ्ठीच्या पाठीमागं नातीचं अक्षर आहे, पेन्सिलीतलं:
आजोबा हसले नव्हते.

नोंदवहीतला शेवटचा रकाना – अंदाजे मूल्य.
वरच्या ओळीत चहाची किटली, चाळीस पौंड.
खिडकीखालून पोरं सरावाहून चाललीत,
एकाची चप्पल तुटलीय, तो लंगडी घालतोय.
रकाना तसाच ठेवून
मी आधी ते पीस कागदात गुंडाळते
आणि त्याला वेगळा क्रमांक देते.