तिकिटाची जाडी

रोहण्याहून आर्वी, सातची एसटी, अर्धं तिकीट.
ते फेकायचं नाही, खोडके मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं.
कामी येते म्हणे.

जिनिंगच्या मागं पत्र्याचं शेड.
आत मशीन, काचेचं दार लावून बसलेलं,
अंगाला दुधट पाण्याचा वास.
"हे तुयं मन नाई वाचत, पोरी.
तू लिवलं तेच करते.
याचं घर तिकडं वर, कोपऱ्यात.
जॉबचं घर कुठं, ते तू सांगशीन तवा समजन त्याले."

म्हणून आधी शून्य.
ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर तिकीट ठेवायचं,
थांबलेला कटर चाक फिरवत
एकेक शतांश खाली आणायचा
आणि बोटानं तिकीट हलवत राहायचं.
सरकतंय. सरकतंय.
अडलं.
त्यातून तिकिटाची जाडी वजा, सहा शतांश.
शाळेत शून्य फळ्यावर आयतं मांडलेलं असायचं.
इथं ते बोटाच्या पेराला सापडतं.

मग जी शून्य: हवेतून धाव.
जी एक: आता काप, मी सांगेन त्या वेगानं.
एम तीन, फिर. एम आठ, पाणी सोड.
इतकी बोली मला चार दिवसांत आली
आणि पाचव्या दिवशी मी टिंब विसरले.

झेड शंभर. म्हणजे वर हो, शंभर मिलिमीटर.
टिंबाशिवाय ते शंभर मायक्रॉन.
केसाहून जरा जास्त, एवढाच उचलला कटर
आणि क्लॅम्पवर धावला.
पत्र्याखालच्या चिमण्या एकदम उडाल्या.
नऊशे रुपये.

मिस्त्री बोलले नाहीत.
तुकडा उचलून बिस्किटाच्या डब्यात टाकला.
डबा गळ्यापर्यंत भरलेला.
"यातले माये किती, मोजू नको," म्हणाले,
आणि चहा सांगायला गेले.

मे महिना आहे.
सकाळी बरोबर शंभर भरलेला ठोकळा
दुपारी तीनला दोन शतांश वाढतो.
दिसतो मात्र एकच,
कारण मोजणारं मायक्रोमीटरही
उन्हानं थोडं फुगलेलं असतं.
शेवटचा हात म्हणून सकाळसाठी राखायचा,
लाइट असली तर.

संध्याकाळच्या गाडीत कंडक्टर तिकीट देतो.
मी त्याची घडी घालत नाही,
घडीनं जाडी दुप्पट होते.
वहीत सपाट ठेवते.
उद्याचं शून्य.