किमान हमी

कलम चौदा, पोटकलम तीन.
'मुदतीआधी करार सोडल्यास…'
आणि पुढे आकडा,
ज्याच्या शेजारी आमच्या संस्थेचं नाव
अंगापेक्षा मोठा सदरा घातल्यासारखं दिसतं.
अकरा लाख चाळीस हजार.

सहा वर्षांमागे सही मीच केली, सचिव म्हणून,
दुधरामभाऊंच्या सहीखाली.
शेवटचं पान आधी पाहिलं, त्यावर चित्र होतं:
आमच्याच बर्फ कारखान्याचं छप्पर, निळ्या पाट्या,
आणि मागे तलाव, आहे त्याहून मोठा.

पंधरा वर्षं ऊन विकत घ्यायचं.
ठरल्या दराने, ठरलेलं किमान,
वापरा की नका वापरू.
तेव्हा दिवसाला ऐंशी लाद्या निघायच्या,
तुसात गुंडाळून साकोलीपर्यंत जायच्या.
आता तलावाच्या अंगभर बेशरम पसरली आहे,
तीस निघाल्या तरी मंसाराम हात पुसत हसतो.
पोळ्याला कंप्रेसर बंद, मंडईला बंद,
पावसाळ्यात जाळीच घरी.
पाट्यांना सुट्टी ठाऊक नाही.
त्या ऊन मोजत राहतात
आणि आम्ही न केलेल्या बर्फाचं बिल येतं.

कंपनीचा पोरगा नागपूरहून येतो. वाईट नाही.
भागरताबाईच्या हातचा चहा कपबशी न मागता पितो.
'मॅडम, एक्झिट एकदम सोपी आहे,' म्हणतो.
सोपीच. एक चेक.

रात्री वहीच्या मागच्या पानावर:
महिन्याला चौदा हजार अंगावर,
गुणिले बारा, गुणिले उरलेली नऊ.
पंधरा लाख बारा हजार.
वजा दंड. तीन लाख बहात्तर उरतात.
म्हणजे सोडावा.
मग आठवलं, दंड भरायला ठेवी मोडाव्या लागतील,
त्यांचं व्याज धरलं
तर बाकी हळूच शून्याखाली उतरते, पाळीवरून
पाण्यात पाय टाकावा तशी.
म्हणजे ठेवावा.
पुन्हा केलं. तेच आलं.
बर्फाचं बरं असतं, त्याला
मुदत लिहून द्यावी लागत नाही.

सभेला एकसष्टपैकी चव्वेचाळीस आले.
ठरावाच्या वहीत मी सवयीने
'सर्वानुमते' आधीच लिहून ठेवलं होतं.
दुधरामभाऊ म्हणाले, सही आपली आहे, शब्द आपला आहे.
कोणी म्हणालं, शब्द दिला तेव्हा मासोळी होती.
भागरताबाई म्हणाल्या,
'पाट्या काढल्यावर टीन तापन.
मग मे महिन्यात टोपल्या रिकाम्या करून
आमी बसाचं कोठी?'
हे कलम मी वाचलंच नव्हतं.

मग मागून मंसाराम, मिठाच्या पाण्याने
पांढरी पडलेली बोटं वर करून:
'बाई, तलाव आपल्याकडं कवापर्यंत आहे जी?'

पुढच्या मार्चपर्यंत.

पाच वर्षांची तलावाची लीज,
पंधरा वर्षांचा उन्हाचा करार.
जे पाणी आपलं राहील की नाही माहीत नाही
त्याच्या भरवशावर
आपण सूर्याची हमी देऊन बसलो होतो.
कोणी बोललं नाही.
बाहेर एक बगळा बांधावर चालत होता,
त्याचंही लक्ष पाण्याकडेच.

'सर्वानुमते' खोडलं.
वर लिहिलं: एकोणतीस विरुद्ध पंधरा.
करार मुदतीपूर्वी संपवण्यात यावा,
नव्वद दिवसांची नोटीस उद्याच्या टपालाने.
दुधरामभाऊंनी सही केली, चष्मा न लावता,
पेन मात्र परत दिला नाही,
खिशात घालून गेले.

मंसाराम शिडी लावून वर चढला होता.
खाली येऊन म्हणाला, दोनशे बारा भोकं आहेत पत्र्याला.
मी ठरावाखाली आणखी एक ओळ घातली:
डांबर, अंदाजे सहा किलो.
आणि तिच्याखाली, कोणी सुचवलं नव्हतं तरी,
भागरताबाईंसाठी ताडपत्री, एक.